खंडेनवमीला धुतलेलं सैन्य

घटाची माती चाळायला बसले की मला हल्ली सिकंदर आठवतो. हसू नका. ज्याचं त्याचं नवरात्र असतं. कुणाला नऊ दिवसांचे साड्यांचे नऊ रंग आठवतात, कुणाला उपासाची भगर आठवते. मला घोड्यावर बसलेला, करंगळीएवढा सिकंदर आठवतो, आणि त्याच्या कपाळावरचं हळदीकुंकू.

काल सकाळी माती आली. आमच्या शाळेतल्या एका बाईंचं शेत गारगोटीकडं आहे, त्या दरवर्षी पिशवीभर काळी माती आणून देतात. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्ती, दारात पाटावर बसून मला हुकूम सोडत होत्या. खडं काढ, ढेकळं फोड, लई बारीक करू नको, भाकरी थापायची न्हाय. आत्ती मूळच्या नेसरीच्या. ऐंशी ओलांडली तरी आवाज अजून ह्या बांधावरून त्या बांधावर जाईल असा. सध्या दिवस असे आहेत की सकाळी पाठ भाजून काढणारं ऊन पडतं आणि दुपारी हस्ताचं आभाळ पुन्हा भरून येतं. गल्लीत झेंडूचा वास सुरू झालाय. पहाटे बायका अनवाणी अंबाबाईला निघतात, त्यांच्या बांगड्या आणि कुजबुज झोपेत ऐकू येते. आणि ह्या सगळ्याच्या मध्ये माझा नवरा जेवणाच्या टेबलावर हिरवी चादर पसरून, तिच्याखाली माझी पुस्तकं सरकवून डोंगर तयार करत होता. मी विचारलं, ताट कुठं वाढू? म्हणाले, झेलमच्या अलीकडं वाढ.

असा आमचा संसार. पूर्वी मी चिडले असते. माझा स्वभाव तसा तापटच, माझ्या वर्गातली पोरं साक्षीला आहेत. पण ह्या टेबलावर डोंगर उठला की मी आता मनातल्या मनात हात जोडते. देवीला जोडते, आत्तींना जोडते, आणि पलीकडच्या गल्लीतल्या बापूंना तर सगळ्यांच्या आधी जोडते.

आमचे हे पॅटर्नमेकर. उद्यमनगरात उभा जन्म गेला. ओतकामाच्या कारखान्यात लोखंडाची कुठलीही वस्तू ओतायची तर आधी तिचा लाकडी नमुना करावा लागतो, तोच वाळूत दाबून साचा काढतात. तो नमुना करणारा माणूस म्हणजे पॅटर्नमेकर. नमुना चुकला की पुढचं सगळं लोखंड चुकतं. हे लाकडावरून नुसतं बोट फिरवून सांगायचे, इथं जरासं फुगलंय. लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांनी ह्यांच्याकडं बघून घरी येऊन आईला सांगितलं होतं, पोरगा बोलत नाही फारसा, पण हात बघ त्याचे. तर असे ते हात. त्यातला उजवा काही वर्षांपूर्वी आषाढात गेला.

सकाळी शर्टाचं बटण लावताना गेला. बटण लागेना म्हणून आधी शर्टावरच चिडले, मग तोंड वाकडं झालं. पॅरालिसिसचा झटका. दवाखान्यात वेळेवर पोचलो, त्यामुळं पाय आला, बोलणं आलं, तोंड सरळ झालं. हात तेवढा मागं राहिला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं, हातात जीव आहे, पण बोटं वापरली तरच तो राहील. पहिले काही महिनेच खरे महत्त्वाचे. त्यात वापरली नाहीत तर आखडून जातील, मग आम्ही काही करू शकत नाही.

फिजिओथेरपीची एक गोड मुलगी घरी यायची. तिनं एक पिवळा मऊ चेंडू दिला, दाबत बसा म्हणाली. ह्यांनी तिच्यासमोर दोनदा दाबला आणि ती गेल्यावर खिडकीतून खाली टाकला. मी काय बारकं पोर हाय व्हय चेंडू खेळाय, म्हणाले. मी भांडले, रुसले, हाता-पाया पडले. काही उपयोग नाही. दिवसभर खिडकीशी बसायचे, उजवा हात मांडीवर, त्याच्यावर डावा झाकलेला. कुणी भेटायला आलं की हातावर टॉवेल टाकायचे. एकदा संध्याकाळी, मी दिवा लावत असताना, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "हात गेला म्हणजे मी गेलो. उरलंय ते नुसतं जेवणारं हाय." मी स्वयंपाकघरात गेले आणि कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत रडून घेतलं.

बापू आले ते अशाच एका दुपारी, रेनकोटातून पाणी गाळत, काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला बुटांचा खोका घेऊन. बापू आणि हे एका तालमीतले, एका बाकावरचे. पुढं बापू पेठ वडगावच्या हायस्कुलात चित्रकलेचे मास्तर झाले. सगळी हयात पोरांना आंबे आणि सूर्योदय काढायला शिकवलं आणि रिटायर झाल्यावर त्यांना हा एक नाद लागला. नाद म्हणजे खुळाच. परदेशातल्या भाच्याकडून ते प्लास्टिकचे बोटभर सैनिक मागवायचे, आणि टेबलावर दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लढाया पुन्हा लढायचे. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे असतात ना, तसंच काहीसं, फक्त मावळे जागचे हलत नाहीत आणि हे हलतात. टेपनं अंतर मोजून पलटण पुढं न्यायची, दोन पलटणी भिडल्या की फासे टाकायचे, फाशाप्रमाणं कुणी मरायचं, कुणी पळायचं. कोल्हापुरात जोडीला दुसरा खेळणारा कुठून मिळणार? त्यामुळं बापू दोन्ही बाजूंनी स्वतःच लढायचे. स्वतःच जिंकायचे आणि स्वतःच हरून चार दिवस तोंड पाडून बसायचे. गल्लीत सगळे हसायचे, मीही हसायची.

त्या दिवशी त्यांनी तब्येत वगैरे काही विचारली नाही. खोका ह्यांच्या मांडीवर ठेवला. आत सगळे सैनिक पांढरेफटक, नुसतं अस्तर दिलेले.

"सद्या, माझं सैन्य उघडं पडलंय. माझा चष्मा ह्या बारीक कामाला चालंना. रंगवाय माणूस पायजे."

"हात दिसंना व्हय तुला?" हे म्हणाले.

"दिसतोय की. पाचीच्या पाची बोटं हाईत."

मी दारात चहा घेऊन उभी होते. इतकं उघड कुणी बोललं नव्हतं. सगळे जण हातावरच्या टॉवेलकडं न बघता बोलून निघून जात होते. ह्यांनी बराच वेळ खोक्यात बघितलं. मग डाव्या हातानं एक हत्ती उचलून विचारलं, हा कुणाचा? बापू म्हणाले, पोरसाचा. सिकंदर झेलम ओलांडून आला, त्याला ज्यानं हत्ती घालून अडवलं, तो पोरस. ह्यांनी लगेच बाजू निवडली. म्हणाले, मग मी पोरस. आपण अलीकडचं.

दुसऱ्या दिवसापासून बापूंनी आमच्या घराचा ताबा घेतला. माझी हिरवी चादर गेली. माझ्या कपाटातला ओटीत आलेला निळा खण गेला आणि त्याची झेलम झाली. खणाची जरीची किनार म्हणजे नदीचा काठ. बापू म्हणाले, वैनी, इतकी श्रीमंत नदी जगात कुठं नसंल. खेळायच्या आधी त्यांनी ह्यांना नियम समजावले आणि त्यातला एक नियम सगळ्यांच्या वर. आखाड्यात सलामी उजव्या हाताची असते, तशी इथंही चाल उजव्या हाताची. सैनिक उजव्या हातानं उचलून ठेवला तरच चाल धरायची. डाव्यानं ठेवला की बाद. हे म्हणाले, असला कसला नियम? बापू म्हणाले, ग्रीक लोकांचा हाय, त्येला मी काय करू.

पहिल्या दिवशी ह्यांना एक हत्ती वीतभर सरकवायला इतका वेळ लागला की माझा स्वयंपाक होऊन गेला. हत्ती पडायचा, सोंडेवर आपटायचा, झेलममध्ये जायचा. मला बघवेना. पण बापू शांत बसून होते, घाई नाही, धीर देणं नाही, शाबास म्हणणं नाही. नुसतं म्हणायचे, चाल तुझी हाय. हे घामाघूम व्हायचे आणि तरी सोडायचे नाहीत. कारण समोर सिकंदर येऊन ठेपला होता आणि बापूंना जिंकू देणं ह्यांच्या रक्तात नव्हतं. चेंडू दाबायला जे मनगट तयार नव्हतं, ते बापूची जिरवायला तयार झालं.

असा तो श्रावण गेला, भाद्रपद गेला. दुपारी शाळेतून यायचं तर घरात फाशांचा आवाज. सकाळी रंगकाम. ब्रश हातात धरता यायचा नाही म्हणून आधी मी त्याच्या दांडीला चिंधी गुंडाळून जाड केली. मग चिंधी कमी कमी करत नेली. पहिले सैनिक रंगले ते नुसते बरबटलेले. तोंड कुठलं, ढाल कुठली, कळायचं नाही. मग ढाल वेगळी दिसू लागली. मग पागोट्याचा काठ. गणपती उठायच्या सुमाराला एका माहुताला मिशी आली आणि मग पोरसाच्या सगळ्या सैन्याला अशा झुपकेदार मिशा आल्या की ते सैन्य झेलमकाठचं न वाटता आमच्या तालमीचं वाटावं. मी ते सैनिक फळीवर ओळीनं लावून ठेवायची. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत नजर फिरवली की ह्यांचा हात परत येताना दिसायचा. घरात कुणी नसलं की मी त्या फळीसमोर उभी राहायची. डॉक्टरांच्या बोलण्यापेक्षा माझा त्या ओळीवर जास्त भरवसा होता.

आत्तींना खेळ कळत नव्हता, पण हत्ती आवडायचे. त्यांच्यासाठी ते हादग्याचे हत्ती. लहानपणी हस्त लागला की भिंतीवर हत्तीचं चित्र लावून फेर धरलेले, ते सगळं त्यांना आठवायचं, आणि त्या पोरसाच्या हत्तींना उद्देशून गुणगुणत बसायच्या. खेळातल्या एका नियमाचा मात्र त्यांना फार राग. हत्ती जखमी झाला की फासा टाकायचा, आणि फासा वाईट पडला तर हत्ती उलटतो, आपल्याच माणसांना तुडवत मागं येतो. आत्ती म्हणायच्या, मुकं जनावर हाय, त्येचा काय दोष? एकदा ह्यांचे ओळीनं दोन हत्ती असे उलटले. मला वाटलं आता फासे भिरकावणार. पण हे नुसते बघत बसले आणि म्हणाले, "आपलंच अंग आपल्यावर उलटतंय, तिथं हत्तीला काय बोलायचं." आणि उजव्या हातानं एकेक मेलेला सैनिक उचलून खोक्यात ठेवला. आपल्या दुखण्याविषयी ते पहिल्यांदाच असं मोकळं बोलले.

बापूंची एक गोष्ट मला जरा उशिरा कळली. खेळताना त्यांचेही सैनिक पडायचे. मला वाटायचं, वय झालं. मग एकदा ते पुठ्ठ्याच्या झाडांना हिरवा रंग देत बसले होते आणि मी पोहे घेऊन गेले. ब्रश डाव्या हातात होता आणि इतका सफाईनं चालला होता की मी बघतच राहिले. बापू डावखुरे. वडगावला फळ्यावर डाव्या हातानं चित्रं काढायचे, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं, मीच विसरले होते. म्हणजे हा माणूस रोज दुपारी आपला चालता हात मांडीखाली दाबून, न चालत्या हातानं सिकंदराचं घोडदळ हलवत होता. ग्रीक लोकांचा नियम!  मी पोहे ठेवले आणि वर खोबरं जास्तीचं घातलं. ह्यांना ते कळलंय की नाही, ते मात्र मला कळेना. ह्यांच्या तोंडावरून काही कळलंय असं कधी झालेलंच नाही.

मग नवरात्र आलं आणि दोघांनी पैज लावली. दसऱ्याला कोल्हापुरात धाकट्यानं थोरल्याच्या घरी सोनं घेऊन जायचं, पाया पडायचं. ह्या दोघांमध्ये थोरला कोण, ह्याचं भांडण शाळेच्या दाखल्यापासून चालत आलेलं. तर ठरलं असं, की दसऱ्याच्या दुपारी पूर्ण सैन्य मांडून एक निकाली लढाई खेळायची. जो हरेल तो धाकटा, त्यानं दुसऱ्याला पहिलं सोनं द्यायचं. सगळे सैनिक रंगवून झाले होते. पोस्टर कलर पाण्यानं जातो, म्हणून वरून वार्निश मारायचं राहिलं होतं, ते नवमीला सकाळी एकदमच मारू म्हणाले बापू.

मला खंडेनवमीची वेगळीच धास्ती होती. त्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा. उद्यमनगरात लेथ मशिनला झेंडूचे हार पडतात, आमच्याकडं ह्यांच्या पटाशा, रंधे, कानशी आत्ती पुसून पाटावर मांडतात, कुंकू लावतात. पण आषाढापासून ह्या हत्यारांची पेटी पलंगाखाली होती आणि कुणी तिचं नाव काढलं नव्हतं. पेटी काढली तर ह्यांना लागेल. नाही काढली तर त्याहून लागेल. त्या पहाटे मी बायकांबरोबर अनवाणी अंबाबाईला गेले आणि वाटेत हाच विचार. काय करू, ते तूच सांग, म्हटलं देवीला. देवीनं काही सांगितलं नाही. गर्दी इतकी, की पुजाऱ्यानं पुढं ढकललं.

घरी आले तर देवघरासमोर आत्तींची मोठी पितळी परात. परातीत सैन्य. सगळे सैनिक पांढरेफटक. मिशा गेल्या, ढाली गेल्या, पागोटी गेली. प्रत्येकाला एक हळदीचं बोट, एक कुंकवाचं बोट. प्रत्येक हत्तीच्या पाठीवर झेंडूची पाकळी. बाजूच्या बादलीत रंगीत पाणी, आणि त्यात तरंगणारा जुना टूथब्रश.

माझ्या पाठोपाठ बापू दारात आले. हातात वार्निशची बाटली.

"आत्ती, हे काय केलंत?" माझा आवाज चढला होता.

"मळकी झालती गं. काही काही तर लईच. रिठ्याच्या पाण्यानं धुतली. खंडेनवमीला हत्यारं तशीच मांडत्यात व्हय?"

बापूंनी परातीत डोकावून अगदी लहान आवाजात विचारलं, माझंही धुतलं? सिकंदराचं? आत्ती म्हणाल्या, "पावण्यांचं सैन्य हाय बाबा. त्येला तसंच ठिवू व्हय?"

मला ते हसण्यासारखं आहे हे त्या क्षणी कळलं नाही. मला फक्त माझी ओळ दिसत होती, बरबटलेल्या पहिल्या सैनिकापासून मिशीवाल्या माहुतापर्यंतची, ती बादलीत विरघळलेली. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, पूजा पटाशांची करायची असते, ह्यांची कशाला केली? आत्तींनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी वर्गातल्या मठ्ठ पोराकडं बघते.

"ज्येनं हात चालतो ते हत्यार. औंदा माझ्या सदाचा हात ह्येनी चालवला. मग पूजा कुणाची करू?"

 बापूंनी वार्निशची बाटली हळूच कोनाड्यात ठेवली. अख्खा पावसाळा ही म्हातारी कोपऱ्यात हादग्याची गाणी म्हणत बसली होती. हिला काय कळतंय, असं आम्ही दोन शिकलेली माणसं समजत होतो आणि ती सगळं बघत होती. आईच ती.

हे आंघोळ करून बाहेर आले. परातीसमोर उभे राहिले.  त्यांनी वाकून उजव्या हातानं एक पांढरा हत्ती उचलला, उलटसुलट केला, फुंकर मारली. मग म्हणाले, बरं झालं. सुरुवातीचे लई घाण रंगवलेते मी. रोज समोर दिसायचे. मी चकितच झाले. ज्या ओळीवर मी जगत होते, ती ह्यांना डोळ्यांसमोर नको होती. माणूस बरा होताना आपण त्याची प्रगती मोजत बसतो, आणि त्याला मात्र आपली पहिली पायरी कधी एकदा पुसली जाते असं झालेलं असतं. हे मला आत्तींच्या रिठ्याच्या पाण्यानं शिकवलं.

आता ते सैन्य पुन्हा रंगलंय. मिशा पूर्वीपेक्षा जोरदार आहेत आणि वर वार्निश आहे. खंडेनवमीला पटाशाही असतात आणि त्यांच्या मध्ये सैनिकही. आत्ती दरवर्षी विचारतात, धुवू का गं, आणि आम्ही तिघं एकदम नको म्हणतो. हे अर्धा दिवस कारखान्यात जातात. बारीक काम हळू होतं, पण होतं. चहाचा कप अजून डाव्या हातात असतो, भरलेला कप उजव्याला पेलत नाही. मी तेवढ्यासाठी देवीकडं तक्रार करत नाही. जे आलं ते मोजायला बसले तर माझी ओंजळ पुरत नाही.

पण त्या दसऱ्याचं सांगायचं राहिलं.

दुपारी तालमीतले चार जुने गडी बघायला आले. टेबलाभोवती असे उभे राहिले जसे मैदानात लाल मातीभोवती. खेळ कळत नव्हता, कुस्तीचे सल्ले मात्र चालू. पट काढ, कब्जा घे, सोडू नको. दोन्ही सैन्यं पांढरी, त्यामुळं गर्दीत कुणाचा सैनिक कुठला ह्यावरून दोनदा भांडण झालं. ह्यांचे हत्ती सुरेख चालले होते. सिकंदराचे भालेवाले नदीपर्यंत मागं रेटले गेले, निळ्या खणाच्या जरीला टेकले. बापूंच्या कपाळावर घाम. त्यांच्याकडं शेवटचं एक घोडदळ उरलं होतं, डोंगराआड, म्हणजे माझ्या शब्दकोशाआड. ते बाजूनं आलं असतं तर पोरसाचे हत्ती उलटले असते.

बापूंना वाट दिसली. डोळे चमकले, आणि त्या भरात त्यांनी घोडदळ उचलून नेमक्या जागी ठेवलं. सफाईनं, एकाही घोड्याला न पाडता. डाव्या हातानं.

 मग तालमीतला एक जण ओरडला, बाद! डावा हात लागला, चाल बाद! नियम त्या सगळ्यांना पाठ झाला होता. बापूंचा चेहरा पडला. आपल्याच नियमात अडकले होते. त्यांनी घोडे मागं घ्यायला हात पुढं केला. ह्यांनी तो हात धरला. उजव्या हातानं.

"ऱ्हाऊ दे. चाल धरली."

"नियम हाय सद्या."

"चौथीत मास्तरांनी तुझ्या डाव्या हातावर छड्या मारल्या, हात सुजला, पण उजव्यानं एक अक्षर लिहिलं न्हाईस. आणि औंदा पावसाळाभर माझ्यापुढं उजव्या हातानं खेळतोयस. मला काय कळंना व्हय?" ह्यांनी धरलेला हात सोडला. "आता खेळ तुझ्या हातानं. माझा हात आला."

बापू चष्मा काढून पुसत बसले. मग फासे टाकले, डाव्या हातानंच. हत्ती उलटले. पोरसाची मधली फळी आपल्याच हत्तींखाली गेली आणि लढाई संपली. हे हरले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांचा इतका सुखी चेहरा मी पाहिला नव्हता.

आता हरलेल्यानं सोनं द्यायचं. आपट्याच्या पानांची टोपली दाराशी होती, मी ती टेबलावर आणून ठेवली. आपट्याचं पान तुम्हाला माहीत आहे. पातळ, ओलं, एकमेकांना चिकटलेलं. त्यातलं एकच पान सोडवून घ्यायचं तर चिमूट लागते, बोटं आणि अंगठा एका जागी यावे लागतात. हत्ती उचलणं वेगळं. ह्यांनी उजवा हात टोपलीत घातला. पहिल्यांदा दोन पानं आली. परत ठेवली. दुसऱ्यांदा निसटलं.  तिसऱ्यांदा एक पान, एकच, देठाशी धरलेलं, बाहेर आलं. हातात थोडं थरथरत होतं, पण सुटलं नाही.

"घे थोरल्या," हे म्हणाले.

बापूंनी सवयीनं डावा हात पुढं केला. तेवढ्यात आत्ती देवघरातून ओरडल्या, बापू, सोनं घेताना तरी उजवा हात काढ की रं. तालमीतले सगळे हसले, मीसुद्धा हसले. बापू गडबडून हात बदलायला लागले. हे हसले नाहीत. ह्यांनी ते पान बापूंच्या डाव्या तळहातावरच ठेवलं आणि आपल्या उजव्या हाताच्या बोटांनी, एकेक करून, त्यांची मूठ मिटवली.